तोळाभराचा कॉम्प्युटर

"साठ हजार?" आईने चष्मा कपाळावर चढवला. "अगं, तोळाभर सोनं येईल त्यात!"

हिशोब अगदी करेक्ट होता. २०२३च्या दिवाळीत सोनं तोळ्याला साठ-एकसष्ट हजारांच्या घरात होतं आणि माझ्या गेमिंग पीसीचं बजेट मॉनिटरसकट बरोब्बर साठ हजार. बोनस झाला होता, डोक्यावर ईएमआय नव्हता, आणि बत्तीस वर्षांच्या बाईने गेम खेळू नयेत असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय? तरीही आईसमोर उभी राहिले आणि शाळेत उशिरा पोचल्यासारखं वाटायला लागलं.

सोन्याचा विषय निघाला की आमच्या घरात एक गोष्ट कुणीच बोलत नाही. २००२ साली दादा इंजिनीअरिंगला गेला, तेव्हा त्याला कॉम्प्युटर घेतला. पेंटियम फोर, १२८ एमबी रॅम, ४० जीबीची हार्ड डिस्क आणि पंधरा इंची ढेरपोट्या मॉनिटर. थोडे पैसे बाबांनी सोसायटीतून काढले, उरलेल्यांसाठी आईच्या पाटल्या गेल्या. तीन तोळ्यांच्या. तेव्हा भाव तोळ्याला पाच हजारांच्या आसपास होता. आज त्याच पाटल्या... जाऊ दे. तो गुणाकार मी मनात एकदा केलाय, तिच्यासमोर करायची हिंमत नाही.

तो कॉम्प्युटर 'घरातला' होता, म्हणजे दादाचा होता. मी तेव्हा अकरा वर्षांची. माझी जागा त्याच्या खुर्चीमागच्या पलंगावर. स्क्रीनपेक्षा त्याचं डोकंच मी जास्त पाहिलंय. फारच हट्ट केला की तो मला खुर्चीत बसवायचा, गेमचा आपोआप चालणारा डेमो लावायचा आणि म्हणायचा, "दाब आता बटणं." मी जिवाच्या आकांताने बटणं दाबायची. गाडी सुसाट पळायची, मी खूश! हा झोल मला कळायला चांगले दोन महिने लागले. कॅबिनेट उघडून काही करत असला की, "लांब हो, शॉक बसेल." आणि आई? आईने एकदा हात पुसत पुसत येऊन विचारलं होतं, "ह्यात पत्ते असतात ना रे?" तर म्हणे, "आई, प्रोजेक्ट चाललंय." मॉनिटरवर तेव्हा बाइकची रेस चालू होती, हे पलंगावरून मला स्पष्ट दिसत होतं.

दादा आता स्टुटगार्टला असतो. नऊ वर्षं झाली होती त्याला तेव्हा. बाबा गेल्यावर डोंबिवलीच्या घरात आई आणि मी, दोघीच. त्याचा फोन दर रविवारी येतो आणि आमचं बोलणं ठरलेलं असतं. "कशी आहेस?" "मजेत." "आईला दे." भांडण नाही, काही नाही, बोलण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं. ऑक्टोबरातल्या एका रविवारी मात्र तो 'आईला दे'च्या आधी थांबला. म्हणाला, "पिंके, एक गेम आहे. दोघांनीच खेळायचा. एकट्याला खेळताच येत नाही."

'इट टेक्स टू' असं त्याचं नाव. स्वीडनच्या हेझलाइट स्टुडिओने २०२१मध्ये आणलेला. खरंच त्यात एकट्याने खेळायची सोयच नाही. दुसरा माणूस नसेल तर दारसुद्धा उघडत नाही. आणि माझ्याकडे काय होतं? ऑफिसचा लॅपटॉप, ज्यात साधं वॉलपेपर बदलायचं तरी आयटीवाल्यांची परवानगी लागते!

दुसऱ्या दिवशी दादाची यादी आली. एकूण एक लाख दहा हजार. खाली एक ओळ : 'वरचे पन्नास मी टाकतो, भाऊबीज समज.'

मी म्हटलं, नको. का म्हटलं, हे त्याला धड सांगता आलं नाही. पैशांचा माज नव्हता. पण त्याच्या पैशांचा, त्याने निवडलेला पीसी माझ्या टेबलावर आला असता, तर मी पुन्हा पलंगावरच बसले असते ना!

आता थोडा अभ्यास. कंटाळू नका, मीही तीन आठवडे ऑफिसच्या लोकलमध्ये उभ्याने केलाय.

सगळे लोक प्रोसेसरपासून सुरुवात करतात. मी मॉनिटरपासून केली. साड्या घेतल्यावर कपाट घेत नाहीत, आधी खोली मोजतात, तसं. साधा फुल एचडी पडदा म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके. गुणाकार करा : वीस लाख त्र्याहत्तर हजार सहाशे. माझ्या बजेटात बसणारा २४ इंची मॉनिटर ७५ हर्ट्झचा होता, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ७५ चित्रं दाखवणार. साडेपंधरा कोटी ठिपके, दर सेकंदाला. तेवढे रंगवायचे, बास. त्याहून जास्त रंगवणारं कार्ड घेतलं तर जास्तीची चित्रं ह्या पडद्यावर दिसणारच नाहीत. फोर-केच्या पडद्याला ह्याच्या चौपट ठिपके लागतात, आणि दादाच्या यादीतलं कार्ड तसल्या घरासाठी होतं. माझ्या नव्हे.

पुढचा प्रश्न सगळ्यात कळीचा. प्रोसेसरवर जास्त घालवायचे की ग्राफिक्स कार्डावर? आमच्या स्टेशनबाहेरच्या वडापावच्या गाडीवर दोन भाऊ असतात. एक वडे तळतो, दुसरा पावात चटणी लावून वडा भरून देतो. तळणारा ढिला असेल तर भरणारा कितीही चपळ असून काय, हात बांधून उभा. गेममध्ये प्रोसेसर पुढच्या चित्रात कोण कुठे आहे, कोण पडलं, कोण मेलं ते ठरवतो आणि कार्ड ते रंगवतं. फुल एचडीला, ७५ चित्रांना, मला हवे होते त्या बहुतेक गेममध्ये गर्दी रंगवणाऱ्यापाशी होते. म्हणून पैसे तिकडे.

कार्ड घेतलं एएमडीचं रेडिऑन आरएक्स ६६००. ऑक्टोबर २०२१चं मॉडेल, ८ जीबी मेमरी. साडेवीस हजार, म्हणजे एकतृतीयांश बजेट एका पार्टमध्ये! त्याच भावात एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०५० मिळत होतं. त्यात उजेड-सावलीचं रे ट्रेसिंग बरं आणि डीएलएसएस नावाची एक हुशार युक्ती. पण साध्या, रोजच्या गेममध्ये ६६०० सरळ पुढे. हिरव्या डब्याचा मोह दोन दिवस झाला, नाही म्हणत नाही.

प्रोसेसरला मात्र मी हात आखडला. इंटेलचा आय थ्री १२१००एफ. चार कोअर, आठ थ्रेड, आठ हजार तीनशे. दादाला रायझन हवा होता, नव्या सॉकेटवरचा, डीडीआर ५ रॅमसकट. "पुढे अपग्रेड करता येईल गं." हे 'पुढे' फार महागात पडतं बरं का! नवा बोर्ड महाग, नवी रॅम महाग, आणि आज चालणारा गेम त्याने फारसा वेगळा चालत नाही. माझ्या एच ६१० बोर्डात उद्या सेकंडहँड आय फाइव्ह घालता येतो, माझं 'पुढे' तेवढंच. आणि हो, त्या नावातलं 'एफ' लक्षात ठेवा. एफ म्हणजे ह्या प्रोसेसरच्या पोटात स्वतःचं ग्राफिक्स नाही, म्हणून तो स्वस्त. पुढे हेच एफ आम्हाला रडवणार आहे.

रॅम आणि एसएसडीवर जास्त डोकं खपवू नका. रॅम १६ जीबी, पण १६ची एक पट्टी न घेता आठ-आठच्या दोन, कारण दोन दारांतून माल लवकर बाहेर पडतो. एसएसडी ५०० जीबी. एकट्या 'रेड डेड रिडेम्पशन २'लाच दीडशे जीबी जागा लागते, तेव्हा तीन गेम ठेवले की घर भरलं. चौथा हवा तर एकाला बाहेर काढा. चालतंय की!

राहिला एसएमपीएस. वीज आत घेऊन सगळ्यांना वाटून देणारा लोखंडी डबा. ह्याच्याबद्दल कुणी बढाया मारत नाही, हा गेम एका चित्राने वेगवान करत नाही. म्हणून बजेट फाटलं की सगळे ह्याच्याच पोटावर पाय देतात. मी इन्शुरन्स कंपनीत क्लेम्स बघते. आठ वर्षांत एक गोष्ट शिकले : जिथे कुणी बघत नाही तिथे पैसे वाचवलेले असतात आणि जळतंही तिथूनच. आमच्या २००२च्या कॉम्प्युटरचा शेवट असाच झाला. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला एसएमपीएस होता. २००६च्या पावसाळ्यात एका रात्री 'फट्' झालं, जळकट वास सुटला आणि जाताना तो मदरबोर्डलाही घेऊन गेला. सकाळी आई त्या बंद कॅबिनेटवर फडकं फिरवत होती. नेहमीसारखंच, फक्त जरा जास्त वेळ.

माझं कार्ड १३२ वॉट खातं, प्रोसेसर पूर्ण जोरात असला तरी नव्वदच्या आत. बाकी सगळं धरूनही तीनशेच्या पुढे जात नाही. त्यामुळे साडेसातशेचा घेऊन मिरवायची गरज नव्हती, पण साडेपाचशेचा चांगला घ्यायचा हे नक्की होतं. डब्यावर '८० प्लस ब्रॉन्झ' असेल तर अर्ध्या भाराला भिंतीतून घेतलेल्या विजेतली ८५ टक्के आत पोचते, बाकी उष्णता होऊन जाते. पण हा शिक्का फक्त विजेच्या बचतीचा आहे, आतला माल किती टिकाऊ त्याचा नाही. म्हणून मी वॉरंटी वाचली, पाच वर्षांची. अगदी बारीक अक्षरांसकट. सवय!

४ नोव्हेंबर, शनिवार. दिवाळीला आठवडा. लॅमिंग्टन रोड.

ह्या रस्त्याचं कागदावरचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण १९०३ ते १९०७ मुंबईचा गव्हर्नर असलेला लॉर्ड लॅमिंग्टन काही लोकांच्या तोंडून जायला तयार नाही. ग्रँट रोड स्टेशनला उतरून पूर्वेला चालत गेलं की मोबाइलची कव्हरं, सीसीटीव्ही, वायरींची भेंडोळी आणि मग कॉम्प्युटरच्या पार्ट्सची एकाला एक चिकटलेली दुकानं. मी यादी घेऊन पहिल्या काउंटरला उभी राहिले.

"मॅडम, ऑफिस के लिए या बेटे के लिए?"

"मेरे लिए."

"अच्छा..." असं म्हणून त्याने माझ्या मागे बघितलं. बरोबर कुणी पुरुष आलाय का ते. मागे एक कुरियरवाला उभा होता. पुढची दोन मिनिटं दुकानदार मदरबोर्डबद्दल जे काही बोलला, ते त्या बिचाऱ्या कुरियरवाल्याकडे बघून बोलला!

दुसऱ्या दुकानात कार्ड नऊ हजारांत मिळेल म्हणाले. वापरलेलं, बिल नाही. आमच्या भाषेत ह्याला 'मागचा इतिहास अज्ञात' म्हणतात. २०२१मध्ये क्रिप्टोचं मायनिंग करणाऱ्यांनी कार्डं पोत्याने विकत घेतली, भाव आभाळाला नेले. मग १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियमने आपली पद्धतच बदलली, कार्डांची गरज संपली आणि दिवस-रात्र राबलेली कार्डं बाजारात आली. त्यातली कितीतरी धडधाकट असतील, पण माझ्याकडे चुकायला दुसरे नऊ हजार नव्हते.

तिसऱ्या दुकानात एक म्हातारे काका गल्ल्यावर होते. त्यांनी यादी वाचली, एकदा माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "एसएमपीएस किसने बोला?"

"मैंने ही."

"बराबर है." त्यांनी कपाटातून माझा एसएमपीएस काढला, दुसऱ्या हातात एक स्वस्तातला घेतला आणि दोन्ही माझ्या हातांवर ठेवले. एक नारळासारखा जड, दुसरा पापडाच्या डब्यासारखा. काही बोलले नाहीत. पुढचा सगळा माल मी तिथेच घेतला, जीएसटीच्या बिलासकट. मॉनिटर, कीबोर्ड, माउस धरून सत्तावन्न हजार सहाशे. सीलबंद खोकी फोडून प्रत्येक वस्तूचा नंबर बिलाशी जुळवला तेव्हा काका हसले, "इन्कम टॅक्स में हो क्या?"

मॉनिटर त्यांनी घरपोच पाठवला. कॅबिनेट मात्र मी हटून स्वतः आणलं. दादरला गाडी बदलून, लेडीज डब्यात, पायांमध्ये खोकं धरून. ठाण्यापर्यंत तीन बायकांनी विचारलं, "मायक्रोवेव्ह का?" तिसरीला मी "हो" म्हटलं. "कितीला पडला?" त्यावर काय सांगणार!

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर डायनिंग टेबलावर जुनी चादर अंथरली. आई नाराजीनेच आली होती, पण टॉर्च धरायला कुणीतरी हवं होतं. प्रोसेसर बसवून त्याचा दांडा खाली दाबताना 'करकर' असा आवाज येतो. सगळे सांगतात की तो यायचाच, तरी मी डोळे मिटले. आई म्हणाली, "मोडलंस का?" मागच्या बाजूची पत्र्याची पट्टी बसवायची विसरले, ते बोर्डाचे सगळे स्क्रू लावून झाल्यावर लक्षात आलं. सगळं परत काढलं. मग पॉवर बटणाच्या त्या इवल्याशा वायरी. मुंगीच्या नाकात नथ घालावी असलं काम. दोनदा माझ्या हातून सुटल्यावर आईने टॉर्च माझ्याकडे दिला आणि म्हणाली, "सरक." सुईत दोरा ओवणारे हात ते. चारही वायरी एका दमात.

रात्री अकरा. तिकडे साडेसहा. दादा व्हिडिओ कॉलवर. मी बटण दाबलं. पंखे फिरले, लाल-निळे दिवे लागले... आणि मॉनिटर काळा ठिक्कर. 'नो सिग्नल'.

पोटात गोळा आला. सत्तावन्न हजार सहाशे! दादा म्हणाला, रॅम काढून परत बसव. बसवली. एकच पट्टी ठेव. ठेवली. कार्ड काढून परत लाव. लावलं. पाऊण तास हेच. मग तो म्हणाला, "बोर्ड गेलेला असेल. म्हणून सांगत होतो, थोडे पैसे..." मी काहीच बोलले नाही. बोलले असते तर रडले असते.

आई टेबलाच्या मागच्या बाजूला वाकून टॉर्च मारत होती. "काय गं, इथे ही वायर लावलीयेस, तसंच भोक खाली पण आहे. दोन्ही चालतात का?"

एचडीएमआयची केबल मी मदरबोर्डच्या पोर्टात लावली होती. आणि प्रोसेसर कुठला? एफ! पोटात ग्राफिक्स नसलेला. ते पोर्ट मुकंच असणार. चित्र येणार ते खालच्या पोर्टातून, कार्डाच्या. केबल काढली, खाली लावली. मदरबोर्ड कंपनीचं बोधचिन्ह पडद्यावर आलं आणि मी किंचाळले. स्टुटगार्टमध्ये दादाने कपाळावर हात मारला. "आईने शोधलं?" असं त्याने तीन वेळा विचारलं.

(जाता जाता : रॅमच्या डब्यावर ३२०० लिहिलं असलं तरी माझी आधी २६६६वरच चालत होती. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू करायचं असतं. आणि ही यादी घेऊन आज दुकानात जाऊ नका. २०२५च्या शेवटी रॅमचे भाव असे काही चढले की बस, कारण मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांना एआयच्या सर्व्हरचं गिऱ्हाईक जास्त प्यारं झालं. हिशोब करायची रीत तीच ठेवा, आकडे त्या दिवशीचे घाला.)

१५ नोव्हेंबरला भाऊबीज होती. दादाने 'इट टेक्स टू' मला भेट दिला. गंमत म्हणजे हा गेम दोघांपैकी एकानेच विकत घ्यायचा असतो, दुसरा 'फ्रेंड्स पास' घेऊन फुकट येतो. गेम माझ्या नावावर. त्यामुळे खेळायचं तर मी बोलवायचं आणि त्याने यायचं. "आत घेतेस ना गं?" असं त्याने विचारलं, तेव्हा मी मुद्दाम अर्धं मिनिट थांबले.

दर शनिवारी रात्री खेळायला लागलो. तो घाई करतो, पडतो, मग मलाच ओरडतो. मधल्या वेळात बोलतो. त्याचा ऑफिसातला बॉस, तिथला न संपणारा हिवाळा, बाबांचं शेवटचं आजारपण, जेव्हा त्याला तिकीट मिळायला दोन दिवस लागले होते. हे त्याने मला कधी सांगितलंच नव्हतं. समोर बघत, बटणं दाबत माणूस बरंच काही बोलून जातो.

तिसऱ्या शनिवारी आई खुर्ची ओढून माझ्या मागे येऊन बसली. बराच वेळ नुसती बघत होती. मग म्हणाली, "झालं की सांग हं. ह्यात पत्ते असतात ना?"

मी हेडफोन उतरवला आणि उठले. तिला माझ्या खुर्चीत बसवलं, सॉलिटेअर लावून दिलं, माउस हातात दिला. आठ जीबीचं कार्ड, सेकंदाला साडेपंधरा कोटी ठिपके, आणि आईने लाल सत्ती उचलून जपून काळ्या अठ्ठीवर ठेवली.

हेडफोनमधून दादाचा बारीक आवाज येत होता. "पिंके? अगं, कुठे गेलीस? मी इथे एकटाच उभा आहे."

"थांब जरा," मी म्हटलं. "आई खेळतेय."